निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२: गॅलरी, खाडी आणि कॅराव्हॅनसाठी एकच दुर्बीण

मुंबईत राहून घरच्या गॅलरीतून पक्षी बघणाऱ्या आणि हिवाळ्यात कॅराव्हॅन घेऊन भिगवण, नांदूरमधमेश्वर किंवा फणसाडकडे निघणाऱ्या माणसाला दुर्बीण एकच घ्यायची असेल, तर ती ८×४२ घ्यावी. त्यातही निकॉनची प्रोस्टाफ पी३ ही पैसे वसूल करणारी दुर्बीण आहे. दुकानात गेलं की हमखास १०×४२ पुढे केली जाते. "साहेब, जास्त जवळचं दिसतं" हे वाक्य ऐकताक्षणी पटतं, पण ते अर्धंच खरं आहे. उरलेलं अर्धं खिडकीच्या चौकटीवर कोपर टेकवून, हलत्या बोटीत उभं राहून किंवा चष्मा लावून बघायला लागलं की कळतं.

आधी आकड्यांचा अर्थ लावून घेऊ. ८ म्हणजे आठपट मोठं: चाळीस मीटरवरचा पक्षी पाच मीटरवर असल्यासारखा दिसतो. दहापटीत तोच चार मीटरवर दिसेल. फरक एवढाच, एका मीटरचा. ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास. त्याला आठने भागलं की ५.२५ येतात, दहाने भागलं की ४.२. डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशाच्या गोल ठिपक्याचा हा व्यास. पहाटे आणि तिन्हीसांजेला डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, तेव्हा ५.२५ मिमीचा ठिपका ४.२ मिमीच्या ठिपक्यापेक्षा दीडपटीहून जास्त प्रकाश आत पोचवतो. पक्षी बघायची खरी वेळ नेमकी हीच असते. त्यामुळे उंबराच्या दाट पानोळ्यात सकाळी सव्वासहाला हळद्या बसला असेल, तर आठपटीत तो पिवळा दिसतो आणि दहापटीत नुसता आकार दिसतो, असं होऊ शकतं. साठी उलटलेल्यांच्या बाहुल्या सहसा पाच मिमीच्या पुढे उघडत नाहीत, म्हणजे ८×४२ त्यांनाही पुरून उरते. ८×५६ वगैरे घेऊन मानेला ओझं करण्यात काही मतलब नाही.

पी३ ८×४२चं दृश्यक्षेत्र ७.२ अंशांचं आहे. हजार मीटरवर १२६ मीटर रुंदीचा पट्टा दिसतो, वीस मीटरवर सुमारे अडीच मीटर. समोरच्या सोनमोहराची एक अख्खी फांदी एका वेळी नजरेत बसते, म्हणून "आत्ता इथे होता, कुठे गेला?" हे कमी होतं. निकॉनचीच मोनार्क एम५ ८×४२ साधारण दुप्पट किमतीची. तिच्यात ईडी काच (रंगांची किनार कमी करणारी) आहे, प्रिझमवर (आतल्या काचेच्या लोलकांवर) चांगले लेप आहेत, पण दृश्यक्षेत्र सहा अंशांच्या थोडंसंच वर. फुलटोचा, शिंपी, वटवट्या असे एका जागी न ठरणारे पक्षी शोधायचे असतील तर ही रुंदी फार कामी येते. मोनार्कचं चित्र जास्त स्वच्छ आहे यात वाद नाही. पण नवशिक्याला आधी पक्षी सापडायला हवा, मग त्याच्या पिसांची धार.

आता कॅराव्हॅनचा मुद्दा, कारण दहापट आणि आठपट यांतला फरक इथे सगळ्यात ठसठशीत दिसतो. कॅराव्हॅन उभी असली तरी ती स्प्रिंगांवर उभी असते. कोणी मागच्या ओट्यापाशी चहा ठेवायला दोन पावलं टाकली की सगळी गाडी डुलते, आणि खिडकीवर टेकवलेल्या कोपरातून ती डुलकी थेट दुर्बिणीत येते. इंजिन चालू असेल तर बघायलाच नको, पक्षी थरथरता ठिपका होऊन बसतो. दुर्बीण जितकी जास्त पट, तितकी ही थरथरही जास्त पट. म्हणून जागेवर पोचल्याबरोबर इंजिन बंद, गाडीला जॅक असतील तर चारही टेकवायचे, आणि बघणारा बघत असताना बाकीच्यांनी बसून राहायचं. खिडकीच्या चौकटीवर दोन कप्प्यांची, घोड्यावरच्या खोगिरासारखी दोन्हीकडे लोंबणारी बीन बॅग टाकली की हात थकत नाही. ती घरून भरून नेऊ नये. रिकामी न्यावी आणि मुक्कामाच्या गावी किराणा दुकानातून दीडेक किलो हरभरे किंवा तांदूळ घेऊन आतल्या स्वच्छ पिशवीत भरावेत. परतताना तेच शिजवता येतात. धान्य भरलेली पिशवी पावसाळाभर मुंबईत ठेवली की पोरकिडे होतात.

खिडकीची काच हा दुसरा सापळा. कॅराव्हॅनच्या खिडक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या, दुपदरी असतात, आणि त्यांवर काळी फिल्म असते. अशा खिडकीतून दुर्बीण लावली की चित्र दुहेरी किंवा पसरट दिसतं, चाक कितीही फिरवा, फोकस बसत नाही. लोक दुर्बिणीला दोष देतात. ॲक्रिलिकचा पृष्ठभाग चांगल्या काचेइतका सपाट नसतो, आणि तिरकं बघितलं तर दोन पदरांमुळे दोष आणखी वाढतो. उपाय साधा आहे: पक्ष्याच्या बाजूची एकच खिडकी उघडायची, विरुद्ध बाजूचे पडदे ओढून घ्यायचे. पाठीमागून उजेड आला नाही की आतली माणसं बाहेरून दिसत नाहीत, आणि गाडी आपोआप आडोसा बनते. माणूस पायी दिसला की उडणारे पक्षी उभ्या गाडीकडे सहसा काणाडोळा करतात. भिगवणच्या काठावर पट्टकादंब हंस हिवाळ्यात चरायला येतात तेव्हा याचा प्रत्यय येतो. दार धाडकन लोटलं की मात्र सगळा थवा उठतो.

खिडकीवर मच्छरदाणीची जाळी असेल आणि डासांमुळे ती काढवत नसेल, तर दुर्बिणीची दोन्ही तोंडं जाळीला अगदी भिडवावीत. इतक्या जवळचे धागे फोकसच्या बाहेर जातात आणि चित्रातून पुसले जातात. थोडा उजेड आणि थोडा उठाव कमी होतो, एवढंच. मुंबईच्या गॅलरीतल्या कबुतरांच्या जाळीलाही हीच युक्ती लागू पडते. नायलॉनच्या दोऱ्यावर ऊन पडलेलं असेल तर पांढुरका पडदा आल्यासारखं वाटतं. अशा वेळी सावलीतला कोपरा धरावा.

घरून बघताना आणखी एक गोष्ट वारंवार आड येते, ती म्हणजे एसीचं बाहेरचं युनिट. ते खिडकीखाली असेल तर त्यातून वर येणाऱ्या गरम हवेमुळे समोरचं झाड पाण्यातून बघितल्यासारखं हलतं. पत्र्याच्या छपरांवरून, डांबरावरून, दुपारच्या खाडीच्या चिखलावरून बघतानाही तेच होतं. दुर्बीण बदलून यात काही फरक पडत नाही. सकाळी साडेनऊच्या आत बघावं, आणि दुपारी बघायचंच असेल तर जवळचे पक्षी बघावेत.

पी३ मुंबईतल्या झाडांवर कशी चालते, यासाठी तांबट हे चांगलं माप आहे. हा पक्षी शहरात सगळीकडे आहे, टुक-टुक-टुक असा ठोका सतत ऐकू येतो, पण हिरवा असल्यामुळे पानांत दिसत नाही. जानेवारीपासून पुढे तो वाळक्या फांदीच्या खालच्या अंगाला ढोली कोरतो. अशी फांदी गॅलरीपासून पंधरा-वीस मीटरवर असेल, तर पी३मधून कपाळावरचा लाल टिळा आणि गळ्याचा पिवळा रंग तर दिसतोच, पण चोचीच्या मुळाशी असलेले राठ काळे केस, पोटावरच्या हिरव्या रेघा आणि तांबडे पायही ओळखू येतात. लाकडाचा भुसा चोचीत धरून तो बाहेर टाकतानाही स्पष्ट दिसतो. एवढा तपशील मिळाल्यावर जास्तीची पट कशाला हवी? ढोलीत पिल्लं असताना मात्र झाडाखाली जाऊन उभं राहू नये. गॅलरीतून जे दिसतं ते पुरेसं आहे, आणि पक्ष्याला त्याचा त्रासही होत नाही.

कमी पडते ती जवळच्या वस्तूंना. ३ मीटरच्या आत पी३ फोकस होत नाही. गॅलरीतल्या कुंडीत सूर्यपक्ष्याने घरटं लोंबवलं असेल आणि गॅलरी दीड मीटरची असेल, तर ही दुर्बीण काही उपयोगाची नाही. फुलपाखरं, चतुर, कोळी यांची आवड असणाऱ्यांनी पेंटॅक्सची पॅपिलिओ बघावी. ६.५×२१ आणि ८.५×२१ अशा दोन प्रकारांत ती येते आणि अर्ध्या मीटरवरही फोकस होते. पण २१ मिमीच्या भिंगात संध्याकाळी उजेड राहत नाही, म्हणून ती दुसरी दुर्बीण म्हणून ठीक, पहिली म्हणून नाही.

खाडीवर वेगळा हिशेब. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत बोट जाते. हे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झालं आणि २०२२ साली आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आलं. बोट हलती, त्यात इंजिनाची थरथर, म्हणून इथेही आठपटच बरी. शे-दीडशे मीटरवरच्या रोहित पक्ष्यांमध्ये लहान जातीचा कोण आणि मोठ्या जातीचा कोण हे पी३मधून सहज सांगता येतं: मोठ्याची चोच फिकट गुलाबी आणि फक्त टोकाला काळी, लहानाची सगळी चोच गडद, आणि मोठा शेजारी उभा असेल तर उंचीचा फरकही नजरेत भरतो. शिवडीला किंवा भांडुप पंपिंग स्टेशनच्या बाजूला मात्र गणित भरतीवर अवलंबून असतं. पूर्ण ओहोटीला पक्षी चिखलात इतके लांब जातात की मळगुजा आणि टिलवे नुसते ठिपके दिसतात. भरतीचं पाणी चढायला लागल्यावर ते काठाकडे सरकतात, तेव्हा जावं. दोनशे मीटरच्या पुढचे टिलवे आणि चिखले ओळखायचे असतील तर स्पॉटिंग स्कोप (एका डोळ्याने बघायची लांब पल्ल्याची दुर्बीण) आणि ट्रायपॉडला पर्याय नाही. दहापटीच्या दुर्बिणीनेही ते काम होत नाही, हे लक्षात घेतलं तर पैसे वाचतात.

चष्मेवाल्यांसाठी पी३ ८×४२ हा या किमतीतला माझ्या मते सर्वांत चांगला सौदा आहे. आयपीसपासून (डोळ्याकडच्या भिंगापासून) २०.२ मिमी मागे डोळा असला तरी पूर्ण गोल दिसतो. चष्मा लावून बघायला किमान पंधरा-सोळा मिमी लागतात. याच मालिकेतल्या १०×४२ला साधारण पंधरा-सोळाच मिळतात, म्हणजे जाड काचेच्या चष्म्याला कडा कापली जाते. ऑलिंपसची ८×४० डीपीएस ही स्वस्त, रुंद आणि उजळ दुर्बीण, ८.२ अंशांचं दृश्यक्षेत्र, म्हणून अनेक वर्षं नवशिक्यांना सुचवली जात आली. पण तिचा डोळ्याच्या अंतराचा आकडा १२ मिमीचाच आहे, वजन ७१० ग्रॅम, जवळचा फोकस ४ मीटर, आणि ती पाणीबंद नाही. पुण्या-नगरच्या कोरड्या हवेत चालून जाईल. मुंबईत पाणीबंद नसलेल्या दुर्बिणीत दोन-तीन पावसाळ्यांत बुरशी शिरण्याची भीती फार. हा एक मुद्दाच पी३कडे पारडं झुकवायला पुरे आहे.

दुर्बीण हातात आली की आधी ती स्वतःच्या डोळ्यांना लावून घ्यावी. पुष्कळ लोक हे करतच नाहीत आणि मग अर्ध्या तासात डोकं दुखतं म्हणून दुर्बीण कपाटात जाते. चष्मा असेल तर दोन्ही रबरी कप खाली, नसेल तर फिरवून पूर्ण वर. मधला सांधा दुमडत-उघडत दोन वर्तुळांचं एक वर्तुळ करायचं. मग साधारण पन्नास मीटरवरची स्थिर वस्तू निवडायची, इमारतीवरची पाटी उत्तम. उजव्या बाजूचं पुढचं भिंग हाताने झाकायचं, दोन्ही डोळे उघडे ठेवायचे, आणि मधलं चाक फिरवून डाव्या डोळ्याला पाटी स्पष्ट करायची. आता डावं भिंग झाकायचं, मधल्या चाकाला हात न लावता उजव्या आयपीसवरची डायऑप्टरची कडी फिरवून तीच पाटी उजव्या डोळ्याला स्पष्ट करायची. झालं. पुढे फक्त मधलं चाक. पी३च्या या कडीला कुलूप नाही. बॅगेत घासली की ती सरकते, आणि चित्र का बिघडलं ते पटकन उमगत नाही. कडीवर आणि शेजारच्या रबरावर एका रेषेत नेलपॉलिशचा बारीक ठिपका लावून ठेवला की एका नजरेत कळतं. घरातले दोघं-तिघं एकच दुर्बीण वापरत असतील तर प्रत्येकाचा ठिपका वेगळ्या रंगाचा असावा.

उणिवाही सांगायला हव्यात. ईडी काच नसल्यामुळे पांढऱ्या आभाळासमोर घार किंवा काळसर फांदी बघितली की कडेला जांभळी-हिरवी किनार दिसते. वर्तुळाच्या कडेकडे चित्र मऊ पडतं. पक्षी मधोमध आणला की दोन्ही गोष्टी फारशा जाणवत नाहीत, पण आकाशात घिरट्या घालणारे शिकारी पक्षी हाच ज्यांचा मुख्य विषय आहे त्यांनी मोनार्ककडेच जावं. सोबतचा पट्टा मानेला टोचतो. दोन तासांच्या फेरीसाठी पाठीवरून जाणारा, चार बिंदूंचा हार्नेस घ्यावा, त्याने ५६५ ग्रॅम खांद्यांवर वाटले जातात आणि दुर्बीण चालताना पोटावर आपटत नाही.

कॅराव्हॅनमध्ये दुर्बीण कुठे ठेवायची, हा प्रश्न किरकोळ वाटतो पण बहुतेक दुर्बिणी तिथेच खराब होतात. डॅशबोर्डवर कधीच नाही. उन्हात उभ्या गाडीत तिथे भयंकर तापतं, आणि उघड्या भिंगांतून आलेला सूर्यप्रकाश एका ठिकाणी गोळा होऊन कापड किंवा सीट जाळू शकतो. वरच्या कप्प्यातही नाही, घाटात ब्रेक लागला की ती खाली येते. खालच्या कप्प्यात, चादरीत गुंडाळून. खडबडीत रस्त्यावर सतत आदळून प्रिझम जरा जरी सरकलं तरी दोन्ही नळ्यांची चित्रं एकावर एक बसत नाहीत. मेंदू ती जुळवत राहतो आणि डोळ्यांवर ताण येतो. तपासायचं असं: लांबची आडवी रेघ धरा, विजेची तार किंवा गच्चीचा कठडा. बघता बघता दुर्बीण डोळ्यांपासून हळूहळू दहा-पंधरा सेंटिमीटर मागे न्या. दोन वर्तुळं वेगळी होतील. त्यांतली रेघ एकाच उंचीवर राहिली तर ठीक. एका बाजूला वर आणि दुसऱ्या बाजूला खाली दिसली तर दुर्बीण दुरुस्तीला द्यायला हवी. घरी उघडून बघू नये, आत धुकं धरू नये म्हणून भरलेला नायट्रोजन निघून जातो.

कोकणाकडे एसी लावून गेलात तर आणखी एक गंमत होते. एसीत थंड झालेली दुर्बीण दमट हवेत बाहेर काढली की दोन्ही बाजूंच्या काचा क्षणात धुक्याने भरतात. बाहेरून आलेलं धुकं नुकसान करत नाही. पुसत बसलं की ते परत येतं आणि काचेवर ओरखडे पडतात. पोचायच्या वीसेक मिनिटं आधी एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात, दुर्बीण पिशवीतच ठेवून हवेशी जुळू द्यावी. काचांच्या आतल्या बाजूला धुकं दिसलं, तर सील गेलं आहे असं समजावं.

मुंबईतल्या जून ते सप्टेंबरसाठी वेगळी शिस्त लागते. पी३च्या आत नायट्रोजन असल्यामुळे आतून बुरशी लागण्याचा धोका कमी, पण बाहेरच्या भिंगांवर, रबरी कपाच्या फटीत आणि पट्ट्यावर ती बसतेच, आणि एकदा लेप कोरला गेला की तो परत येत नाही. सोबतच्या मऊ कापडी पिशवीत पावसाळाभर दुर्बीण ठेवणं सर्वांत वाईट, कारण कापड ओल धरून ठेवतं. पाचेक लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा घ्यावा, त्यात शंभर-दीडशे ग्रॅम केशरी सिलिका जेल जाळीच्या पिशवीत घालावं आणि स्वस्तातलं डिजिटल आर्द्रता मीटर ठेवावं. चाळीस ते पन्नास टक्के हे योग्य माप. तीसच्याही खाली गेलं तर वंगण आणि रबर सुकतं, म्हणून जेल वाट्टेल तेवढं ओतू नये. केशरी जेल हिरवट झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोनेक तास तापवून, बंद स्टीलच्या डब्यात थंड करून परत वापरता येतं. निळं जेल टाळावं, त्यात कोबाल्ट असतं आणि ते स्वयंपाकाच्या भांड्याजवळ नको.

खाडीवरून आल्यावर भिंगं कोरड्या कपड्याने पुसू नयेत. खारे थेंब वाळून मिठाचे बारीक कण झालेले असतात, ते काचेवर घासले जातात. पी३ एक मीटर पाण्यात दहा मिनिटं टिकेल अशी बनवलेली आहे, त्यामुळे नळाच्या बारीक धारेखाली धरून आधी मीठ धुऊन टाकावं, पाणी झटकावं, कप वर करून पंख्याखाली वाळवावी. धूळ असेल तर आधी रबरी फुग्याने हवा मारायची, मग मऊ ब्रश, आणि शेवटी मायक्रोफायबरवर भिंगाच्या द्रवाचे दोन थेंब घेऊन मधून कडेकडे गोल फिरवत पुसायचं. थेंब कापडावर टाकायचे, काचेवर नाही. शर्टाचं टोक आणि खिडकी पुसायचा फवारा दोन्ही वर्ज्य.

सोबतीला अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचं, पक्षी ओळखायला मदत करणारं मर्लिन ॲप फोनवर असावं. फुकट आहे, आणि भारताचा पॅक घरच्या वायफायवर उतरवून ठेवला तर फणसाडच्या जंगलात रेंज नसतानाही चालतं. आवाजावरून नाव सुचवण्यात ते चांगलं आहे, पण कावळे आणि हॉर्न यांच्या गलक्यात बारीक आवाज हरवतो. कर्णाळ्यासारख्या ठिकाणी भृंगराज दुसऱ्या पक्ष्यांच्या नकला करतो, आणि ॲप त्या नकलेचंच नाव सांगतं. म्हणून ॲपने नाव सुचवलं की त्या दिशेला दुर्बीण लावून खात्री करावी, तेव्हाच नोंद करावी. ॲपमधला आवाज मोठ्याने वाजवून पक्षी बाहेर काढण्याचा मोह टाळावा. विणीच्या दिवसांत नर हद्द राखायला सारखा धावतो आणि घरट्यावर लक्ष राहत नाही.

अंधारात पी३कडून जास्त अपेक्षा ठेवू नये. रस्त्यावरच्या दिव्याखाली पिंगळा किंवा इमारतीच्या कोनाड्यात गव्हाणी घुबड ती दाखवते, कारण तिथे थोडा उजेड असतो. मुक्कामी रात्री कॅराव्हॅनमधून प्रखर टॉर्च मारून रातवा शोधणं मात्र योग्य नाही. त्याने पक्षी दिपून जागीच बसून राहतो, आणि मागून गाडी आली तर चिरडला जातो.

घ्यायची कुठे? फोर्टात बोरा बाजाराच्या बाजूला कॅमेऱ्यांची दुकानं आहेत, तिथे हातात घेऊन बघता येते, आणि ऑनलाइनपेक्षा हा मार्ग बरा. दुकानाच्या आत ट्यूबलाइटखाली सगळ्याच दुर्बिणी छान दिसतात, म्हणून बाहेर फुटपाथवर यायला सांगावं. दुर्बीण हातभर लांब धरून आयपीसमध्ये दिसणारे उजेडाचे ठिपके पूर्ण गोल आहेत का बघावं. वर सांगितलेली आडव्या रेघेची परीक्षा लांबच्या गच्चीवर करावी. मधलं चाक दोन्ही दिशांना फिरवून मधे पोकळ फिरतं का ते पाहावं. पुढच्या भिंगातून मोबाइलचा टॉर्च टाकून आत धूळ, केस किंवा जाळीसारखे डाग आहेत का ते तपासावं. चष्मा घालणाऱ्याने चष्म्यासकट बघावं, आणि घरातल्या लहान मुलालाही द्यावं, कारण मुलांच्या डोळ्यांमधलं अंतर कमी असतं आणि सांधा पूर्ण दुमडूनही एक वर्तुळ होत नसेल तर त्यांच्यासाठी वेगळी छोटी दुर्बीण लागेल. बिलावर आणि भारतातल्या वॉरंटी कार्डावर तोच सीरियल नंबर लिहून घ्यावा. कार्डाशिवाय हजार-दोन हजार कमी करून देणाऱ्याकडून घेऊ नये, सील गेलं तर दुरुस्तीला दारच उरत नाही.